रांजणातली, राखेतली, वाळूतली वाईन

जॉर्जियाच्या काखेती भागात द्राक्षतोडणी जवळ आली की घरोघरी रांजण धुवायला काढतात. ‘काढतात’ ही आपली बोलायची पद्धत. हे रांजण जागचे हलत नाहीत. अंड्याच्या आकाराचे, खाली निमुळते होत गेलेले हे मातीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले असतात आणि वर दिसतं ते फक्त तोंड. रांजण लहान असेल तर लांब दांड्याला बांधलेल्या चेरीच्या सालींच्या कुंच्याने वरूनच घासतात. मोठा असेल तर घरातला एखादा सडपातळ माणूस आत उतरतो आणि विहिरीतून बोलल्यासारखा घुमत्या आवाजात पाणी मागत राहतो. या रांजणाला म्हणतात क्वेव्री आणि ते जिथे पुरलेले असतात त्या खोलीला मारानी. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना यामागचं शहाणपण लगेच कळेल. जमिनीच्या पोटात ऊनही पोचत नाही आणि थंडीही. फरक इतकाच, की हळद पेवात गुपचूप पडून राहते आणि द्राक्षं क्वेव्रीत खवळतात.

क्वेव्रीला आतून मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात दिलेला असतो. त्यात तुडवलेली द्राक्षं रस, सालं, बिया आणि बरेचदा देठांसकट ओततात. वरून यीस्ट घालत नाहीत. द्राक्षांबरोबर मळ्यातून आलेलं यीस्ट कामाला लागतं आणि रसातल्या साखरेचा मद्यार्क होऊ लागतो. फसफसून वर आलेला चोथा दिवसातून तीन-चार वेळा काठीने खाली दाबायचा, नाहीतर वरचा थर आंबतो. उकळी शमली की तोंडावर दगडी झाकण, कडेने ओली माती, आणि मग वसंतापर्यंत त्याकडे पाहायचंही नाही. निमुळत्या बुडाचा उपयोग आता कळतो. बिया सगळ्यांत आधी टोकाशी जाऊन बसतात, त्यांच्यावर सालांचा थर बसतो आणि बियांचा कडूपणा खालीच अडकून राहतो. वरची वाईन आपोआप निवळते. गाळणी नाही, पंप नाही, थंड करणारं यंत्र नाही.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगायला हवी. काळ्या द्राक्षांची लाल वाईन आणि हिरव्या द्राक्षांची पांढरी, अशी आपली सरसकट समजूत असते. बहुतेक द्राक्षांचा रस मात्र पाण्यासारखाच फिका असतो. रंग असतो तो सालीत. सालं रसात भिजू दिली की लाल वाईन, आणि द्राक्षं दाबून सालं लगेच फेकून दिली की काळ्या द्राक्षांचीही पांढरी वाईन होते. फ्रान्समधली कितीतरी शॅम्पेन अशीच काळ्या द्राक्षांची असते. काखेतीत याच्या बरोब्बर उलट करतात. हिरवी द्राक्षं घेतात आणि त्यांची सालं पाच-सहा महिने रसात राहू देतात. निघते ती ना लाल, ना पांढरी. तिचा रंग चहाच्या कोऱ्या अर्कासारखा असतो आणि ती जिभेला तशीच थोडी तुरट लागते. पाश्चात्य दुकानांत हिला ‘ऑरेंज वाईन’ म्हणतात. जॉर्जियन लोकांना ते आवडत नाही, ते ‘अंबर’ म्हणतात. संत्र्याचा आणि हिचा काही संबंध नाही, तेव्हा त्यांचंच बरोबर आहे.

हे सगळं किती जुनं? त्बिलिसीच्या दक्षिणेला शुलावेरी परिसरातल्या दोन नवाश्मयुगीन टेकाडांवर सापडलेल्या खापरांच्या आतल्या बाजूला द्राक्षांच्या वाईनची रासायनिक खूण मिळाली, आणि तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. काळ इसवी सनापूर्वी सुमारे ६००० ते ५८००. त्याआधीचा सर्वांत जुना पुरावा इराणातल्या हाज्जी फिरूझ टेपे इथला होता. जॉर्जियाने तो सहाशे ते हजार वर्षांनी मागे ढकलला. म्हणजे मोहेंजोदडो वसायच्या तीन हजारांहून अधिक वर्षं आधी त्या टेकाडांवर कुणीतरी रांजण भरून ठेवत होतं.

मला स्वतःला मात्र त्या आठ हजार वर्षांपेक्षा अलीकडची सत्तर वर्षं जास्त नवलाची वाटतात. सोव्हिएत काळात जॉर्जियाने अख्ख्या संघराज्याला वाईन पुरवायची, अशी वाटणी झाली. पुरवायची म्हणजे टँकरच्या टँकर. मळे सामूहिक झाले, कारखाने उभे राहिले, आणि पाचशेहून अधिक स्थानिक वाण ज्या देशात नोंदले गेले आहेत तिथे भरपूर पीक देणाऱ्या मोजक्याच जातींची लागवड वाढत गेली. हिरव्यात रकात्सितेली, काळ्यात सापेरावी. पुढे १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी दारूविरोधी मोहीम काढली तेव्हा द्राक्षमळेच उपटले गेले. या सगळ्यात क्वेव्री टिकली ती घरी. सरकारी मळ्यात राबून आलेला माणूस परसातल्या मांडवावरची द्राक्षं स्वतःच्या मारानीत ओतत होता. विकायला नाही, पाहुण्यांसाठी, लग्नासाठी, मयतासाठी. त्या मांडवांवर कारखान्याला नको असलेले वाणही जगत राहिले. आपल्याकडे राहीबाई पोपेरे यांनी अकोले तालुक्यात गावरान बियाणं जसं घराघरांतून गोळा केलं, तसाच हा मामला. बाजार जे टाकून देतो ते कधी कधी परसात सापडतं.

मग २००६ साली रशियाने जॉर्जियन वाईनवर बंदी घातली. निर्यातीचा फार मोठा वाटा तिकडेच जात होता, त्यामुळे देशाच्या पोटावरच पाय आला. गंमत अशी, की या संकटानेच छोट्यांना वाट दिली. गोडसर, स्वस्त, रशियाच्या चवीची वाईन युरोप-अमेरिकेत कोण घेणार? तिथे दाखवण्यासारखं जे होतं ते घराघरांतल्या मारानीत होतं. त्याआधीच इटलीच्या फ्रिउली भागातल्या योश्को ग्राव्नर या वाईनकाराने २००० साली जॉर्जियाला जाऊन हे रांजण पाहिले होते आणि आपल्या तळघरातली आधुनिक यंत्रसामग्री बाजूला सारून क्वेव्री पुरल्या होत्या. आता जॉर्जियात घरच्यांसाठी केलेल्या वाईनला पहिल्यांदाच लेबल चिकटलं. २०१३ मध्ये युनेस्कोने क्वेव्रीची पद्धत मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्याच वर्षी रशियाने बंदीही उठवली, पण तोवर अनेकांना दुसरे दरवाजे ठाऊक झाले होते.

जगातल्या आडवाटेच्या वाईन शोधू लागलं की हीच गोष्ट वेगवेगळ्या वेषांत भेटत राहते. मोठ्या नावांच्या प्रदेशांनी काळाबरोबर पावलं टाकली आणि त्यात बरंच काही गमावलं. जे मागे पडले, एका बाजूला राहिले, गरीब राहिले, त्यांच्याकडे ते उरलं. यातला सगळ्यांत मोठा धडा एका किड्याने दिला आहे.

फिलॉक्सेरा हा मुळांतला रस शोषणारा, मावा वर्गातला, डोळ्यांना जेमतेम दिसणारा किडा. मूळचा अमेरिकेतला. तिथल्या रानटी वेलींची आणि त्याची हजारो वर्षांची ओळख. त्याने चावा घेतला की त्या वेली जखमेभोवती बुचासारखा थर तयार करतात आणि निभावतात. युरोपच्या वेलीला ही विद्या येत नाही. जखम उघडी राहते, मूळ कुजतं, दोन-तीन वर्षांत वेल मरते. पूर्वी शिडाच्या जहाजांतून अमेरिकेची रोपं युरोपात येईपर्यंत किडे वाटेतच मरत. वाफेची जहाजं आली, प्रवास थोडक्या दिवसांवर आला आणि हौशी लोकांनी आणलेल्या रोपांबरोबर किडाही सुखरूप उतरला. १८६० च्या दशकात दक्षिण फ्रान्समध्ये मळे विनाकारण वाळू लागले. १८६८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ प्लाँशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत वेली उपटून पाहिल्या तेव्हा मुळांना चिकटलेले पिवळे ठिपके दिसले. मेलेल्या वेलीवर किडा सापडत नव्हता, कारण जेवण संपलं की तो शेजारच्या वेलीकडे जात होता.

१८७५ साली फ्रान्समध्ये सुमारे ८४५ कोटी लिटर वाईन झाली होती. १८८९ मध्ये २३४ कोटी. सरकारने उपाय सुचवणाऱ्याला ३ लाख फ्रँकचं बक्षीस लावलं. लोकांनी काय काय केलं नाही! जमिनीत विषारी रसायनं टोचली, मळे पाण्याखाली बुडवले, वेलीच्या बुडाशी जिवंत बेडूक पुरले. शेवटी उपाय निघाला तो कलमाचा. मुळं अमेरिकन वेलीची, वर खोड युरोपचं. आज जगातली बहुतेक वाईन अशा परक्या पायांवर उभी आहे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळं सांगायला नको; तोही बागेत आधी ‘डॉगरीज’ लावतो आणि मग त्यावर थॉमसन नाहीतर सोनाका भरतो. डॉगरीज ही टेक्सासकडची रानटी वेल. आपल्याकडे तिचं काम निराळं आहे, खारवट जमीन आणि पाण्याची ओढ सोसण्याचं, पण युक्ती तीच.

तरीही काही ठिकाणी हा किडा पोचलाच नाही, किंवा पोचून हरला. वाळूत त्याला हालचाल करता येत नाही. म्हणून लिस्बनजवळच्या कोलारेश इथे अटलांटिकच्या वाळूत रामिस्को नावाच्या काळ्या द्राक्षाच्या वेली अजून स्वतःच्या मुळांवर आहेत. ही लागवडही सोपी नव्हती. वेल वाळूखालच्या चिकणमातीत रुजवावी लागे, म्हणून खोल चर खणायचे, आणि वरची वाळू ढासळून माणूस गाडला जाईल या भीतीने खणणारे डोक्यावर टोपली पालथी घालून काम करत. वाळू कोसळलीच तर बाहेर ओढून काढेपर्यंत टोपलीत श्वासापुरती हवा राही. किड्याने जे केलं नाही ते पुढे सुट्टीतल्या बंगल्यांनी केलं. आता कोलारेशचे मळे अगदी थोड्या हेक्टरांवर उरले आहेत.

ग्रीसच्या सँटोरिनीवर किडा हरला तो ज्वालामुखीच्या मातीपुढे. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाने या बेटावर राखेचे आणि सच्छिद्र दगडाचे जाड थर पसरले. त्या मातीत चिकणमाती जवळजवळ नाहीच, आणि तिच्याविना फिलॉक्सेरा जगत नाही. पाऊस अगदी तुटपुंजा, वारा इतका भन्नाट की उभी वेल टिकायची नाही. म्हणून शेतकरी वेलीच्या फांद्या जमिनीलगत गोल गोल विणत नेतो. डोक्यावर हंडा घेताना बाया कापडाची चुंबळ करतात, तिचा मोठा अवतार डोळ्यांपुढे आणा. द्राक्षांचे घड त्या चुंबळीच्या आत, वाऱ्याच्या आणि उडत्या वाळूच्या माराबाहेर वाढतात. समुद्रावरून येणारं रात्रीचं धुकं हेच पाणी. अनेक दशकांनी चुंबळ थकली की ती कापून टाकतात आणि त्याच जुन्या मुळांतून नवी वेल विणायला घेतात. त्यामुळे वरची वेल किती जुनी हे सांगता येतं, खालच्या मुळांचं वय सांगणं अवघड. या वेलींवर येणारं असिर्तिको हे हिरवं द्राक्ष कडक उन्हातही आपला आंबटपणा सोडत नाही. ती वाईन आधी लिंबासारखी आणि मग जिभेवर खारट रेष ओढल्यासारखी लागते. मासळीबरोबर याहून सोयीची वाईन मला सुचत नाही. पापलेट-सुरमईवाल्यांनी नोंद घ्यावी.

कॅनरी बेटांतल्या लान्सारोतेची कथा याच्याही पुढची. १७३० च्या सप्टेंबरात तिथली जमीन फाटली आणि १७३६ पर्यंत, सहा वर्षं, ज्वालामुखी थांबून थांबून ओकत राहिला. याइसा गावच्या कुर्बेलो नावाच्या पाद्र्याने त्याची दैनंदिनी लिहून ठेवली आहे. चांगली शेती काळ्या राखेखाली गेली. लोकांनी काही वर्षांत एक गोष्ट हेरली: ही काळी राख रात्रीचं दव शोषून घेते आणि दिवसा खालच्या मातीची ओल उडू देत नाही. मग त्यांनी राखेत कित्येक फूट खोल खळगे खणले, खालची जुनी माती लागली की तिच्यात एखादी वेल लावली आणि वाऱ्याच्या बाजूला दगडांची अर्धगोल भिंत रचली. आपण आंब्याच्या कलमाला आळं करतो ना, तसं, पण माणूस उभा मावेल एवढं. ला हेरिया भागात अशी हजारो आळी आहेत. तिथे यंत्र चालत नाही, बैल चालत नाही, सगळं हाताने. वर्षाला पडणारा पाऊस सरासरी १५० मिलिमीटरच्या आसपास, आपल्या दुष्काळी माणदेशातही त्याच्या कितीतरी पट पडतो. अशा ठिकाणी मोठी कंपनी येऊन काय करणार? कुटुंबंच टिकतात, कारण कुटुंब आपल्या घामाचा हिशेब मांडत नाही. हे मी कौतुकाने म्हणतो आहे की खेदाने, माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

किडा नाहीच पोचला असा सगळ्यांत मोठा देश म्हणजे चिली. एका बाजूला अँडीज, दुसऱ्या बाजूला महासागर, उत्तरेला वाळवंट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, म्हणजे युरोपात साथ येण्याच्या थोडं आधी, चिलीतल्या श्रीमंतांनी बोर्दोहून वेलींच्या काड्या आणवल्या. त्यानंतर बोर्दोचे मळे मेले आणि पुन्हा लागवड करताना तिथल्या शेतकऱ्यांनी कटकटीचे वाण गाळले. त्यात कार्मेनेर नावाचं एक काळं द्राक्ष होतं. ते उशिरा पिकायचं आणि फुलोऱ्याच्या वेळी हवा गार राहिली की मणीच धरायचे नाहीत. ते बोर्दोतून जवळजवळ नाहीसं झालं.

इकडे चिलीत लोक ‘मेर्लो’ म्हणून एक वाईन विकत होते. चांगली होती, पण कधी कधी तिला हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास यायचा. तज्ज्ञ म्हणायचे, चिलीची मेर्लो अशीच. २४ नोव्हेंबर १९९४ रोजी झाँ-मिशेल बुर्सिको हे फ्रेंच वेलीशास्त्रज्ञ मायपो खोऱ्यातल्या एका मळ्यात फिरत होते. फुलोऱ्यातल्या वेलींपुढे ते थांबले. फुलांतले पुंकेसर मेर्लोसारखे सरळ नव्हते, पिळलेले होते. ही मेर्लो नाही, ही कार्मेनेर आहे, असं त्यांनी सांगितलं. मिरचीच्या वासाचाही उलगडा झाला. मळ्यात मेर्लो आणि कार्मेनेर मिसळून लावलेल्या. मेर्लो पिकली की सगळी तोडणी व्हायची, आणि तेव्हा कार्मेनेर अजून काही आठवडे कच्ची असायची. कच्च्या द्राक्षातल्या ज्या संयुगांनी तो वास येतो, तीच ढोबळ्या मिरचीतही असतात. शंभर वर्षांहून अधिक काळ एक अख्खा वाण चुकीच्या नावाखाली, चुकीच्या वेळी तोडला जात होता. आज चिलीत कार्मेनेरचे हजारो हेक्टर मळे आहेत आणि तिला तिच्या वेळी तोडतात.

फ्रान्समध्येही आडवाट आहे. बर्गंडीच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या सीमेलगत झ्युरा नावाचा डोंगराळ पट्टा आहे. एके काळी तिथे सुमारे २०,००० हेक्टरांवर द्राक्ष होतं. फिलॉक्सेरा, रेल्वेने आलेली दक्षिणेची स्वस्त वाईन आणि महायुद्धं यांच्या तडाख्यानंतर आज ते २,००० हेक्टरांच्या आसपास आहे. तिथली घराणी सावान्यँ या हिरव्या द्राक्षाची एक वाईन करतात, ‘व्हँ झोन’ म्हणजे पिवळी वाईन. पिंपात वाईन भरायची आणि विसरायची. हळूहळू ती उडत जाते, पिंप अर्धंमुर्धं होतं. दुसरीकडे अशा वेळी नवी वाईन ओतून पिंप भरतात. इथे मुद्दाम भरत नाहीत. मोकळ्या पृष्ठभागावर यीस्टची पातळ साय धरते आणि तिच्याखाली वाईन किमान सहा वर्षं तीन महिने राहते. लिटरभरातलं जेवढं उरतं तेवढ्याची म्हणून ६२ सेंटिलिटरची खुजी बाटली. फ्रेंच चाखणारे तिला ‘करी’चा वास येतो म्हणतात आणि आपण हसतो. पण हसण्यासारखं नाही: या वाईनमध्ये सोटोलॉन नावाचं जे सुगंधी संयुग तयार होतं, तेच मेथीदाण्याला मेथीचा वास देतं. आपल्या नाकाला ही वाईन पहिल्याच घोटात ओळखीची वाटेल, त्यांच्या नाकाला ती शिकावी लागते.

लुई पाश्चर याच झ्युरातले. जन्म दोलचा, बालपण आर्बुआ गावातलं, आणि पुढे गावाजवळ त्यांनी स्वतःचा छोटा मळाही घेतला. १८६३ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने त्यांना फ्रेंच वाईन का नासते, याचा शोध घ्यायला सांगितलं, आणि त्यांनी प्रयोगाची मांडणी केली ती आर्बुआत. वाईन थोडी तापवली की नासवणारे जंतू मरतात, हे त्यांनी दाखवलं. आपण रोज सकाळी जे पाश्चराइज्ड दुधाचं पाकीट फोडतो, त्याच्या नावातलं पाश्चरीकरण आधी वाईनवर होऊन मग दुधावर आलं.

घराण्याच्या वाईनचा विषय निघाला की मला लेबनॉनचे होशार आठवतात. गास्ताँ होशार यांनी १९३० मध्ये शातो मुसार सुरू केलं. द्राक्षं बेका खोऱ्यातली आणि वाईन करायची जागा मात्र डोंगरापलीकडे, बैरूतच्या उत्तरेला गझीर गावी. १९७५ मध्ये यादवी पेटली आणि त्या दोन ठिकाणांच्या मधोमध आघाड्या उभ्या राहिल्या. द्राक्षांचे ट्रक गोळीबारातून, चौक्यांमागून चौक्या ओलांडत यायचे. मुलगा सर्ज यांनी पंधरा वर्षांच्या त्या युद्धात जवळजवळ दर वर्षी वाईन केली. १९७६ मध्ये जमलं नाही. १९८४ मध्ये ट्रक इतके रखडले की द्राक्षं वाटेतच आंबायला लागली. देशात घेणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून सर्ज बाटल्या घेऊन इंग्लंडला गेले, आणि १९७९ च्या ब्रिस्टल मेळ्यात त्यांचं नाव झालं. ‘डिकँटर’ मासिकाने १९८४ मध्ये आपला पहिलाच वार्षिक सन्मान त्यांना दिला. मुसारची प्रत्येक सालची वाईन निराळी निघते, कधी थोडी बिघडलेलीही. नियमाने एकसारखी चव हवी असणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

आता व्यवहाराचं बोलू. अशी बाटली ओळखायची कशी? कुटुंबाचा मळा, हिरवी टेकडी, आजोबांची टोपी, ही चित्रं आता सगळेच छापतात. फ्रेंच लेबलवर ‘मळ्यावरच बाटलीबंद’ या अर्थाचे शब्द आहेत का पाहावं. वाईन करणाऱ्याने ती स्वतःच्या जागेत भरली, एवढं त्यातून कळतं. शॅम्पेनच्या लेबलवर अगदी बारीक अक्षरांत एक क्रमांक असतो. त्याआधी ‘आरएम’ असेल तर स्वतःची द्राक्षं पिकवून स्वतः शॅम्पेन करणारा शेतकरी, ‘एनएम’ असेल तर द्राक्षं विकत घेणारं घराणं किंवा कंपनी. मोठ्या घराण्यांची शॅम्पेन वाईट असते असं नाही. पण शेतकऱ्याच्या बाटलीत एका गावाची, एका उताराची चव असण्याची शक्यता जास्त. आणि छोटं ते चांगलंच, हाही भाबडेपणा सोडावा. अस्वच्छ रांजणात अस्वच्छ वाईनच होते, मग परंपरा आठ हजार वर्षांची असो.

आपल्या दुकानांत यातलं फारसं मिळत नाही, याला कारण आहे. आयात वाईनवर आपल्याकडे अनेक वर्षं १५० टक्के मूळ सीमाशुल्क राहिलं, वर राज्याचे कर. एवढं भरून माल आणणारा खपणारी नावंच आणणार. राखेतल्या आळ्यात पिकलेल्या द्राक्षावर कशाला पैसे लावेल? तेव्हा परदेशी जाणं झालं, किंवा तिकडे राहणाऱ्या भाच्या-पुतण्याकडे मुक्काम पडला, तर विमानतळावरच्या चकचकीत दुकानाऐवजी गावातल्या छोट्या दुकानात जा आणि सरळ विचारा: या देशात असं कुठलं द्राक्ष आहे, जे दुसरीकडे होत नाही? या एका प्रश्नावर दुकानदाराचा चेहरा खुलतो. थोडीच घ्या, दारू ती दारूच, कितीही प्राचीन असली तरी.

हाच प्रश्न नाशिकला विचारला तर? इथे मात्र थोडं अवघडल्यासारखं होतं. महाराष्ट्राने २००१ मध्ये वाईन धोरण आणलं, नाशिक, सांगली, सोलापूरकडे वायनरी उभ्या राहिल्या, काही चांगल्या चालल्या, काही बंद पडल्या. बाटल्यांवरची नावं शिराझ, काबर्ने, सोविन्याँ, शेनँ. द्राक्षं सगळी फ्रान्सची. खाण्याच्या द्राक्षात आपल्या शेतकऱ्यांनी स्वतःचे वाण शोधले: तासगावकडचं तास-ए-गणेश, सोलापूरजवळच्या नान्नजचं सोनाका, ही दोन्ही थॉमसनच्या बागेत एखादी वेगळी वेल दिसली म्हणून डोळसपणे जपलेली. वाईनमध्ये ते अजून व्हायचं आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एक अमेरिकन आणि एक युरोपीय वाण यांच्या संकरातून ‘एआरआय ५१६’ हे रसदार द्राक्ष तयार केलं आहे, रस आणि वाईन दोन्हीला चालणारं. त्याची एखादी कुटुंबाने केलेली, कुटुंबाच्या नावाची बाटली प्यायला मला आवडेल. आपल्याकडे एक गोष्ट तर युरोपात कुठेच नाही अशी आहे. थंडीत वेल झोपी जात नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावी लागते, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, आणि साऱ्या युरोपात वेली उघड्याबोडक्या उभ्या असतात तेव्हा आपल्या बागेत घड पिकतात.

ज्यांना हे पाहायचं असेल त्यांनी फेब्रुवारीत जावं. मार्चअखेर नाशिकची तोडणी आटोपते, आणि त्याच सुमारास काखेतीत क्वेव्रीच्या झाकणांवरची वाळलेली माती फोडायला घेतात.